तिच्या नावाचा कागद

पळस यंदा लवकर फुलला. पाऊस कमी झालेल्या वर्षी तो जास्तच फुलतो, असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणायची. धारूरच्या घाटापासून आमच्या आखाड्यापर्यंतचा सगळा उतार लालभडक झालाय आणि विहिरीत डोकावलं की तळाचा खडक दिसतोय. आखाडा म्हणजे आमच्या बीडकडं शेतातलं घर. दोन खोल्या, पुढं ओसरी, शेजारी गोठा, मागं कडब्याची गंज, आणि गाव पायी अर्ध्या तासावर. माझी बायको सरू आठ दिवसांखाली लातूरला गेली, आमच्या इंदूकडं, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. महिनाभर तिकडंच राहील. जाताना कुठल्या गाईला किती पेंड ते तिनं दोनदा सांगितलं आणि एसटीच्या खिडकीतून हात हलवला. काल इंदूचा फोन आला. म्हणाली, "बापू, आई मजेत आहे. शेजारच्या बायका रोज येऊन बसतात तिच्यापाशी. नुसत्या हसत असतात."

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात तेच फिरत राहिलं. त्या बायका कोण, ती त्यांना काय सांगते, लातुरात इतकं हसण्यासारखं काय असतं. माझं वय सदुसष्ट. या वयात माणसाला आपल्याच बायकोचा हेवा वाटू नये. पण वाटतो, आणि तो कुठून येतो तेही मला ठाऊक आहे. सरू अशीच एकदा पळस फुलल्यावर गेली होती, तीन महिन्यांसाठी. तो उन्हाळा अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन जागच्या जागी वाळली होती. वावरात काही नव्हतं, घर चालत होतं ते दुधावर. दोन देवणी गाई, दोन संकरित, एक म्हैस. गावात तेव्हा बायकांची दूध संस्था निघाली. निघाली म्हणजे आम्ही पुरुषांनीच काढली. बायकांची सहकारी संस्था असेल तर पेंड आणि चारा आधी मिळेल असं कळलं, तसं आम्ही घरोघर बसून आपापल्या बायकांची नावं लिहिली. माझी चुलती कौसाकाकू अध्यक्ष झाली, कारण तिला कोणी नाही म्हणू शकत नव्हतं. सचिव लिहितीवाचती हवी होती. सरू दहावी पास होती. मी मॅट्रिकला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती आणि घरात कोणी काढत नव्हतं. नाव तिचं, काम माझं, असा माझा हिशेब होता, आणि सहा महिने तो बरोबर चालला. वही मी लिहायचो, ती सही करायची. सही मात्र वळणदार करायची. मी तिच्या सहीकडं पाहायचो आणि वही मिटायचो.

मग दूध संघाचं पत्र आलं. सचिवांना कोल्हापूरकडं तीन महिन्यांचं शिक्षण. दुधाची फॅट कशी काढायची, जनावराचा आजार कसा ओळखायचा, संस्था कशी चालवायची. मी तालुक्याच्या कचेरीत जाऊन विचारलं, बायकोच्या जागी मी गेलो तर चालेल का. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "साडी नेसता येते का?" सगळे हसले. मीही हसलो.

सरू म्हणाली होती, "न्हाई गेले तर काय व्हतं? लेकरं लहान हायती."

मी म्हणालो, "जा की. मी हाय ना."

हे मी चार माणसांसमोर म्हणालो, पारावर. एक जण म्हणाला, "बायकुला इतक्या लांब धाडायचं म्हंजे काळीज लागतंय बाबा." ते ऐकून मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर त्या एका वाक्यासाठी मी तिला पाठवलं. होळी झाली आणि ती गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती पाचवारी साडी नेसली होती. फाट्यावर एसटीची वाट पाहत ती उभी होती तेव्हा कुण्या मास्तराची बायको वाटत होती. धाकटा गणू रडला. इंदू दहा वर्षांची होती, ती रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली, जणू आता हा माणूस काय काय करतो ते पाहायचं होतं तिला.

आखाड्यावर शेजार नसतो. ऊन दहा वाजताच ओसरीच्या पायरीपर्यंत यायचं आणि सांजेपर्यंत हलायचं नाही. गावात टँकर आला की बैलगाडीवर पिंप घेऊन जायचं, रांगेत बायकांच्या मध्ये उभं राहायचं. जनावरांसाठी कारखान्यावरून उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला यायचा, तो आणायचा. भाकरी मी करायचो. थापताना ती एका बाजूला फाटायची, तव्यावर टाकली की फुगायची नाही, आणि गणू ताटात तिच्याकडं बघून विचारायचा, "आई कधी येणार हाय?" इंदूची वेणी घालायला बसलो तर केस हातातून निसटायचे. चौथ्या दिवशी तिनं कंगवा माझ्या हातून घेतला आणि आपली आपण वेणी घालायला शिकली.

सगळ्यात वाईट चंद्री. ती आमची देवणी गाय, सरूनं वासरापासून वाढवलेली. मी कासंडी घेऊन खाली बसलो की ती मान वळवून हुंगायची आणि दूध चोरून धरायची. वासरू सोडलं तर तिला पान्हा फुटायचा, मी हात लावला की बंद. तीन दिवस मी शेपटीचे फटके खाल्ले. मग इंदू घरातून सरूचं जुनं लुगडं घेऊन आली. गणू ते पांघरून झोपायचा.

"बापू, हे अंगावर घ्या. मग देती का बघू."

मी रस्त्याकडं पाहिलं. कोणी नव्हतं. लुगडं डोक्यावरून खांद्यावर घेतलं, पदर पुढं ओढला आणि बसलो. चंद्रीनं मान वळवली, माझ्या खांद्याशी नाक आणलं, एक लांब श्वास सोडला. कासंडीत धार वाजायला लागली. दारात इंदू आणि गणू तोंड दाबून हसत होते. मला रडू येत होतं की राग, ते सांगता येत नाही. ज्या जनावराला मी रोज चारापाणी करत होतो त्यालाही मी नको होतो. त्यालाही तीच हवी होती.

तीन महिने मी ते लुगडं पांघरून धार काढली. सुरुवातीला त्याला तिचा वास होता, खोबरेल तेलाचा आणि चुलीतल्या धुराचा. रोज तो थोडा थोडा कमी होत गेला आणि त्याजागी माझ्या घामाचा वास बसला. चंद्रीला फरक कळला नाही. मला कळत होता.

पत्रं यायची ती इंदूच्या नावानं. निळी आंतरदेशीय. "चि. इंदूस अनेक आशीर्वाद." दुपारी ओसरीवर बसून इंदू शाळेत धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचायची आणि मी दाव्याला पीळ घालत ऐकायचो. इथं नळाला दिवसभर पाणी असतं. नदीत म्हशी तासन् तास बसतात. एकाच गोठ्यात साठ म्हशी आहेत. पाटील सर म्हणाले, तुमच्या हाताला फॅटचं माप बरोबर येतं. पाटील सर म्हणाले, तुम्ही आणखी शिकायला हवं होतं. तुझ्या बापूंना सांग, कास कोमट पाण्यानं धुवा. बापूंना सांग, म्हशीला उन्हात बांधू नका.

"बापूंना सांग" एवढ्यापुरता मी त्या पत्रात असायचो. इकडं एका तांब्यात मी दोन्ही पोरांची तोंडं धूत होतो आणि ती तिकडं नदीकाठी राहत होती, याचा मला राग यायचा. मीच पाठवलं होतं, याचा आणखी राग. आणि पाटील सर. त्यांचं वय काय, लग्न झालंय का, ते इंदूला कसं विचारणार.

चौथ्या का पाचव्या पत्रात आलं, "मी सायकल शिकले."

इंदू आनंदानं उठून उभीच राहिली. गणूनं विचारलं, सायकल आणणार का. माझ्या हातातलं दावं तसंच राहिलं. सायकल एकट्यानं शिकता येत नाही. मी स्वतः शिकलो तेव्हा मागून माझ्या भावानं सीट धरली होती. कोणीतरी मागून धरायचं, बरोबर पळायचं, पडायला लागलं की सावरायचं. तिची सायकल कोणी धरली? पत्रात ते नव्हतं. मी इंदूकडून ते पत्र दोनदा वाचून घेतलं, नंतर ती शाळेत गेल्यावर स्वतः वाचलं. तरी नव्हतं. त्यानंतर वाढं तोडताना, पिंप भरताना, भाकरी थापताना मला तेच दिसायचं. एक मोकळं मैदान, सायकलवर सरू, पाचवारीचा पदर खोचलेला, आणि मागं पळणारा कोणीतरी, ज्याला तोंड नव्हतं.

मी तिला उत्तर लिहायला बसलो. "लवकर ये" असं लिहिलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं आणि फाडलं. शेवटी टाकलं ते असं, "इकडे सर्व क्षेम. पाण्याची टंचाई आहे."

रोज सकाळी फाट्यावर दुधाचा टेम्पो यायचा. महेबूबभाई चालवायचे. धारूरचं मेकॅनिकचं घराणं, गाडी बिघडली की स्वतःच खाली शिरायचे. सगळ्या संस्थांची चिठ्ठ्या-पत्रंही तेच आणायचे. एकदा कॅन चढवताना म्हणाले, "भाऊ, लई वाळलाव तुमी. कावून? वहिनीची याद येती काय?"

"कामं लई हायती," मी म्हणालो.

"कामं तर वहिनीला बी व्हती की. ती न्हवती वाळली."

वैशाखात एक दिवस त्यांनी खाकी पाकीट माझ्या हातात ठेवलं. "वहिनीच्या नावाचा कागद हाय. जपून द्या म्हणलेत सायेब."

पाकीट मी फोडलं. सचिवाची सगळी पत्रं मीच फोडायचो, त्यात वेगळं काही वाटलं नाही. आत लिहिलं होतं की डोंगरपट्ट्यातल्या बायकांच्या संस्थांवर देखरेखीसाठी संघाला एक शिकलेली बाई नेमायची आहे. शिक्षण घेत असलेल्या सचिवांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांनी सोबतचा अर्ज सही करून महिन्याच्या आत पाठवावा. अर्जावर सरूचं नाव आधीच टाइप केलेलं होतं. करायचं एवढंच होतं, कागद दुसऱ्या पाकिटात घालून तिच्या सहीसाठी कोल्हापूरला टाकायचा.

मी तो खिशात ठेवला. उद्या टाकू म्हटलं. सदरा बदलला की कागद एका खिशातून दुसऱ्या खिशात जायचा. मला दिसायला लागलं की सरू या गावाहून त्या गावाला जातेय, लोक खुर्ची देतायत, उठून उभे राहतायत. मी आखाड्यावर लुगडं पांघरून बसलोय. पारावर लोक मला विचारतायत, मालकीणबाई कुठल्या दौऱ्यावर आहेत. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी पत्र आलं, इंदूला, चांगलं लांबलचक. त्यात गणूला पापा होता, कौसाकाकूंना नमस्कार होता, चंद्रीची चौकशी होती. "बापूंना सांग" एकदाही नव्हतं.

मी चुलीपुढं बसलो होतो. तवा तापत होता, जाळ कमी पडत होता. मी खिशातून कागद काढला आणि तव्याखाली सारला. पाकीट आधी पेटलं, अर्ज नंतर. तिचं नाव टाइप केलेली ओळ क्षणभर काळ्यावर चकाकली आणि गेली. त्या दिवशीची भाकरी टम्म फुगली. गणूनं टाळ्या वाजवल्या.

अजूनही कधी भाकरी तशी फुगली की माझा घास तोंडात फिरतो.

ज्येष्ठात ती आली. फाट्यावरून ट्रंक डोक्यावर घेऊन, भराभर. गोठ्यात शिरली तर चंद्री दावं ताणून हंबरली. पोरं तिला चिकटली. माझ्यासाठी तिनं कोल्हापुरी वहाणा आणल्या होत्या. जाण्याआधी माझ्या जुन्या वहाणेचं माप तिनं दोऱ्यानं घेऊन ठेवलं होतं, मला न सांगता. वहाणा बरोबर बसल्या.

सांज व्हायच्या आत तिनं विचारलं, "संघाचा माझ्या नावाचा कागद आलता का?"

"न्हाई."

"माझ्यासंगं पाटोद्याची सुमन व्हती. तिला आला. मला वाटलं माझा इकडं आला आसंल."

"न्हाई आला."

"बरं," ती म्हणाली आणि पोरांसाठी आणलेला खाऊ काढायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन घेऊन ती स्वतः फाट्यावर आली, मी तिच्या मागं. महेबूबभाई तिला पाहून खाली उतरले. "वहिनी, आल्या का. आता आमच्या सायबीन व्हणार तुमी. कागद दिलता मी भाऊंपाशी, म्हयन्याखाली."

ती कॅन ओतत होती. तिची धार थोडीही हलली नाही. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "व्हय. मिळाला." मग कॅन खाली ठेवला आणि म्हणाली, "महेबूबभाई, मला बी न्या धारूरला. काम हाय."

दुपारी ती परत आली, उन्हातून पायी. पाणी प्यायली आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसली.

"मुदत सरली म्हणले. सुमनला घेतलं." मग तिनं विचारलं, "कुठं हाय कागद?"

"चुलीत गेला."

"कावून?"

मी म्हणालो, "गणू लई रडायचा."

"गणूचं नाव घेऊ नका," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तिथं बाया रोज इचारायच्या, नवऱ्यानं कसं काय सोडलं. मी म्हणायचे, आमच्या मालकासारखा माणूस न्हाई. सगळ्यांला सांगायचे. आता त्या सुमनला काय सांगू?"

आणि एवढं सगळं होऊनही, हे लिहायला लाज वाटते, माझ्या जिभेवर त्या क्षणी एकच प्रश्न होता. सायकल कोणी धरली. तो मी गिळला.

त्याचं उत्तर महिन्याभरानं आपोआप मिळालं. सुमनबाई आमची संस्था तपासायला आल्या, गाडीवरून, खांद्याला पिशवी. वह्या बघून झाल्यावर कौसाकाकूंना सांगत होत्या, "काकू, मी मागून सीट धरायची अन् ही पळवायची. दोघी बी नाल्यात. गुडघे बघा माझे." दोघी एकमेकींच्या दंडाला धरून हसत होत्या. मी दारात चहाचे कप घेऊन उभा होतो. तीन महिने ज्या हातांनी माझी झोप घेतली ते हात काचेच्या बांगड्यांचे होते. मला हायसं वाटायला पाहिजे होतं. पण सरू अशी हसताना मी कधी पाहिली नव्हती, निदान माझ्यासमोर नाही. मग मला सुमनबाईंचा हेवा वाटायला लागला. त्यांच्या गाडीचा, पिशवीचा आणि त्या हसण्याचा. दर महिन्याला त्या यायच्या आणि दर महिन्याला सरू त्यांच्यापुढं वही उघडून उभी राहायची. ज्या खुर्चीवर तिनं बसायचं होतं तिच्यासमोर उभी. सुमनबाईंना तिनं काय सांगितलं, ते मला कधी कळलं नाही.

घरात ती पूर्वीसारखीच राहिली. जेवायला वाढायची, बोलायची, पेरणीचं विचारायची. फक्त मनात आलेली गोष्ट आधी इंदूला सांगायला लागली. मला ती नंतर कळायची, इंदूच्या तोंडून.

श्रावणात संस्थेची सभा भरली, मारुतीच्या देवळापुढं. बायका सगळ्या, आणि कडेला आम्ही पुरुष. तोवर वह्या तिनं स्वतःकडं घेतल्या होत्या. अहवाल वाचायला ती उभी राहिली. आता सांगणार, मला वाटलं. सांगितलं तर गावात तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि सांगणं तिच्या हक्काचं होतं.

तिनं सगळा अहवाल वाचला. मग कागद मिटून म्हणाली, "मी तीन म्हयने नव्हते. माझ्यामागं ह्यांनी संस्था चालवली. यवढ्या दुष्काळात एक दिवस दूध चुकलं न्हाई. धार सोता काढली, लेकरं सोता सांभाळली. ह्यांचे आभार मानले पायजेत."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. कौसाकाकू म्हणाल्या, असा नवरा सगळ्यांला मिळो. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि मला मान वर करता आली नाही.

परत येताना ती पुढं होती, काखेत वह्या, आणि मी मागं. बांधापाशी आल्यावर मला राहवलं नाही. म्हणालो, "आज सगळ्यांम्होरं सांगायचं व्हतंस. कावून न्हाई सांगितलंस?"

ती थांबली. वळून माझ्याकडं नीट पाहिलं, कितीतरी दिवसांनी.

"सांगितलं आसतं तर लोक चार दिवस बोलले आसते," ती म्हणाली, "आन् तुमी सुटला आसता."

तिनं वह्या एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतल्या आणि चालू लागली. धारेची वेळ झाली होती. मी तिच्या मागोमाग चालत राहिलो.